पैसे कापले, पण ऑर्डर नाही : पेमेंटहून परतताना हरवणाऱ्या ऑर्डरींचा शोध आणि उपाय

आंब्याचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडे एकाच नमुन्याच्या तक्रारी येऊ लागत. रत्नागिरी परिसरातील एका बागायतदार कुटुंबाचे हापूस विकणारे छोटे ऑनलाइन दुकान मी गेली काही वर्षे सांभाळतो. दुकान पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले आहे, भाड्याच्या एका साध्या सर्व्हरवर चालते आणि वर्षातले आठ-नऊ महिने तिकडे कोणी फिरकत नाही. एप्रिल उजाडला की मात्र दिवसाला शे-दीडशे पेट्यांची मागणी येते. त्यांतल्या तीन-चार ऑर्डरी रोज अशा निघत, की ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झालेले असत, बँकेचा संदेशही त्याला मिळालेला असे, पण दुकानाच्या यादीत ती ऑर्डर ‘पैसे येणे बाकी’ याच अवस्थेत अडकून राहिलेली असे. पुण्याहून फोन करणाऱ्या एका आजोबांनी हा सगळा प्रकार दोन वाक्यांत सांगितला होता : “अहो, बत्तीसशे रुपये गेल्याचा मेसेज आला आहे आणि तुमच्या साइटवर माझी टोपली रिकामी दिसते आहे. आता मी पुन्हा पैसे भरायचे, की वाट पाहायची?”

चाचणी घेतली की सर्व सुरळीत चाले, हा या बिघाडाचा सर्वांत त्रासदायक भाग होता. मी स्वतः दहा वेळा ऑर्डर नोंदवून पाहिली, दहाही वेळा ती बिनचूक नोंदली गेली. त्यामुळे आम्ही दोन हंगाम सगळे खापर मोबाइलच्या नेटवर्कवर फोडले आणि हाताने ऑर्डरी दुरुस्त करत राहिलो. नेटवर्कचा त्यात फारसा संबंध नव्हता. पेमेंट गेटवे (ग्राहकाचे पैसे दुकानाच्या वतीने स्वीकारणारी सेवा) जोडलेले कोणतेही लहान दुकान चालवणाऱ्याला हा अनुभव येऊ शकतो, म्हणून पाणी नेमके कुठे मुरत होते आणि ते कसे बुजवले, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी ग्राहकाचे पाहावे

मूळ दोष शोधण्यापूर्वी फोनवर असलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागते, आणि ते घाईत चुकीचे दिले तर प्रकरण वाढते. “पुन्हा एकदा भरून बघा” हे सर्वांत वाईट उत्तर होय, कारण मग दोनदा पैसे वजा होतात आणि परताव्याचे नवे काम अंगावर येते. ग्राहकाकडून बँकेच्या संदेशातील संदर्भ क्रमांक मागावा. यूपीआयच्या व्यवहारात हा क्रमांक १२ अंकी असतो आणि लोक त्याला सर्रास ‘यूटीआर’ म्हणतात. तो क्रमांक, रक्कम आणि वेळ यांच्या आधारे गेटवेच्या डॅशबोर्डवर तो व्यवहार शोधावा, कारण पुढचे सगळे तिथे दिसणाऱ्या स्थितीवर ठरते.

गेटवेकडे व्यवहार यशस्वी दिसत असेल, तर पैसे दुकानाच्या नावाने जमा झालेले आहेत आणि दोष केवळ आपल्या नोंदीचा आहे. अशा वेळी ग्राहकाला “बँकेशी बोला” असे सांगून हात वर करणे अन्यायाचे ठरते. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार पूर्ण झालेला असतो आणि ती काहीही परत करणार नाही. माल पाठवावा किंवा आपणच परतावा द्यावा. काही खात्यांवर रक्कम आधी फक्त ‘ऑथराइज’ होते, म्हणजे राखून ठेवली जाते, आणि दुकानाने ती नंतर ‘कॅप्चर’ करावी लागते, म्हणजे प्रत्यक्ष ताब्यात घ्यावी लागते. ती वेळेत कॅप्चर केली नाही तर पैसे ठरावीक मुदतीनंतर आपोआप ग्राहकाकडे परत जातात. ही अवस्था दिसली तर माल पाठवण्यापूर्वी कॅप्चर करायला विसरू नये. आम्ही एकदा विसरलो होतो आणि दोन पेट्या फुकट गेल्या.

गेटवेकडे व्यवहार अयशस्वी किंवा अनिर्णित दिसत असेल आणि तरीही ग्राहकाचे पैसे वजा झाले असतील, तर रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक लागू होते. कार्डाने केलेली ऑनलाइन खरेदी असो वा यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे असोत, खात्यातून रक्कम वजा होऊनही दुकानाकडे पुष्टी पोहोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसापासून पुढील ५ दिवसांत ती रक्कम आपोआप परत यायला हवी, आणि त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई देय ठरते. एवढे नेमके सांगता आले की फोनवरचा आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

दोन मिनिटांचा प्रश्न

आता मूळ दोषाकडे वळतो. ग्राहक ‘पैसे भरा’ हे बटण दाबतो तेव्हा त्याचा ब्राउझर आपल्या दुकानातून उठून गेटवेच्या पानावर जातो, तेथून अनेकदा बँकेच्या पानावर जातो आणि शेवटी गेटवे त्याला आपण दिलेल्या परतीच्या पत्त्यावर, म्हणजे कॉलबॅकवर, धाडून देतो. कार्डाने होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून आपल्याकडे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची आहे, त्यामुळे ही बाहेरची फेरी बहुतेक ग्राहकांना चुकत नाही, आणि ओटीपीचा संदेश येईपर्यंत तिला वेळही लागतो.

परत आलेला ग्राहक कोण आहे, हे दुकानाला आपोआप कळत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीला मुळात स्मरणशक्तीच नाही. प्रत्येक विनंती त्याच्या लेखी पहिलीच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना वेबवर आणली, आणि त्यामागची तातडीची गरज ऑनलाइन खरेदीचीच होती. ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी खूण ठेवायची, पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत ती परत यायची आणि तिच्यावरून सर्व्हरने टोपली ओळखायची, ही पद्धत आजही तशीच आहे. आमच्या दुकानातही ऑर्डरचा क्रमांक सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरने त्या ग्राहकापुरत्या केलेल्या तात्पुरत्या नोंदीत, ठेवलेला होता आणि सेशन कुकीवरून ओळखले जात होते. ग्राहक परतला की कॉलबॅकचे पान सेशन उघडून ऑर्डरचा क्रमांक वाचत असे आणि ती ऑर्डर ‘भरली’ अशी नोंदवत असे.

एका सकाळच्या सर्व्हर-नोंदी छापून मी समोर ठेवल्या, तेव्हा पहिल्यांदा काही दिसले. एक ग्राहक ११:४२:०७ ला गेटवेकडे गेला आणि ११:४३:४५ ला परतला. त्याच्या परतीच्या विनंतीसोबत सेशनची कुकी होती आणि ऑर्डर व्यवस्थित नोंदली गेली. दुसरा ११:५०:१२ ला गेला आणि ११:५२:५१ ला परतला. त्याच्यासोबत कुकीच नव्हती. पहिल्याला ९८ सेकंद लागले होते, दुसऱ्याला १५९. त्या दिवसाच्या सगळ्या परतीच्या नोंदी वेळेनुसार लावून पाहिल्यावर चित्र इतके स्वच्छ निघाले की दोन हंगाम आपण हे का केले नाही, याची लाज वाटली. क्रोम वापरणाऱ्यांपैकी ज्यांची फेरी साधारण दोन मिनिटांच्या आत आटोपली त्यांच्या ऑर्डरी नोंदल्या गेल्या होत्या आणि ज्यांना अधिक वेळ लागला त्यांच्या हरवल्या होत्या. फायरफॉक्स वापरणाऱ्या एका ग्राहकाला तर पाच मिनिटे लागूनही त्याची ऑर्डर नीट नोंदली गेली होती.

याचे कारण ब्राउझरच्या एका जाणीवपूर्वक केलेल्या बदलात आहे. कुकीला ‘सेमसाइट’ नावाचा एक गुणधर्म देता येतो आणि दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत ती कुकी पाठवायची की नाही, हे त्यावरून ठरते. पूर्वी हा गुणधर्म लिहिलेला नसेल तर कुकी सगळीकडे जात असे. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोमच्या ८० व्या आवृत्तीपासून, तो लिहिलेला नसेल तर ‘लॅक्स’ असल्याचे मानले जाऊ लागले. ‘लॅक्स’ कुकी साध्या दुव्यावरून, म्हणजे ‘गेट’ पद्धतीने, आलेल्या माणसासोबत जाते. पण परक्या साइटने ‘पोस्ट’ पद्धतीने अर्ज पाठवावा तसे त्याला धाडले, तर ती मागेच राहते. आणि गेटवे बहुधा ‘पोस्ट’नेच परत धाडतात. नेमक्या याच अडचणीमुळे क्रोमने एक तात्पुरती सवलत ठेवली : गुणधर्म न लिहिलेली कुकी तयार होऊन दोन मिनिटे झाली नसतील, तर तिला परक्या ‘पोस्ट’सोबतही जाऊ द्यायचे.

आमच्या दुकानात मोबाइल क्रमांकाची पडताळणी होताच सेशनची ओळख नवी केली जात असे. सुरक्षेच्या दृष्टीने ती चांगलीच सवय आहे, पण त्यामुळे कुकीचे वय पेमेंटच्या अगदी तोंडावर शून्यापासून मोजले जाऊ लागे. ज्याची बोटे चपळ, त्याची ऑर्डर सुखरूप. ज्याचा ओटीपी उशिरा आला किंवा चष्मा शोधण्यात वेळ गेला, त्याची ऑर्डर हरवली. माझ्या चाचण्या का यशस्वी होत होत्या, तेही यातून उलगडते. चाचणीच्या खात्यात बँकेचे पान नसते, ‘यशस्वी’ असे एक बटण असते आणि ते मी तीन सेकंदांत दाबत होतो.

आणखी एक कोडे यातून सुटले. या बदलाची अंमलबजावणी महामारीमुळे एप्रिल २०२० मध्ये मागे घेण्यात आली आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू झाली. म्हणून आमचा २०२० चा हंगाम सुरळीत गेला आणि कोडची एक ओळही न बदलता २०२१ च्या हंगामात तक्रारी सुरू झाल्या. “आम्ही काहीच बदललेले नाही” हे वाक्य वेबच्या धंद्यात किती पोकळ असते, हे तेव्हा कळले. आपण बदलले नसले तरी ग्राहकाच्या हातातला ब्राउझर दर काही आठवड्यांनी बदलत असतो.

आपल्या दुकानात हाच दोष आहे का, हे तपासण्याची रीत सोपी आहे. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्कचा भाग समोर ठेवावा, पान बदलले तरी नोंदी पुसू नयेत असा पर्याय निवडावा, चाचणीची ऑर्डर नोंदवावी आणि गेटवेच्या पानावर काहीही न करता तीन-साडेतीन मिनिटे थांबून मग ‘यशस्वी’ दाबावे. परतीच्या विनंतीतल्या कुकींच्या रकान्यात, वगळलेल्या कुकीही दाखवण्याचा पर्याय असतो. तो निवडल्यावर सेशनची कुकी तेथे दिसली आणि ती का अडवली याचे कारण लिहिलेले आढळले, तर निदान पक्के. फायरफॉक्सवर ही चाचणी घेऊन समाधान मानू नये, कारण तेथे हा बदल सर्वांसाठी लागू केलेला नाही.

दुरुस्ती : सेशनवर विसंबू नये

इंटरनेटवर या दुखण्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे सेशनच्या कुकीला ‘सेमसाइट’ ‘नन’ (परक्या साइटवरूनही पाठवावी) असे लिहून तिला ‘सिक्युअर’ (फक्त सुरक्षित, एचटीटीपीएस जोडणीवरून जाणारी) करणे. पीएचपी ७.३ पासून सेटिंगमधल्या एका ओळीत हे होते आणि ऑर्डरीही नोंदल्या जाऊ लागतात. मी मात्र हा उपाय केवळ हंगाम ऐन भरात असताना, आजची वेळ मारून नेण्यापुरता करीन. ‘नन’ लिहिल्याने परक्या साइटवरून होणाऱ्या फसव्या विनंत्यांपासून मिळणारे आयते संरक्षण संपूर्ण दुकानासाठी काढून टाकले जाते, आणि ते एका परतीच्या पानासाठी.

योग्य दुरुस्ती अशी, की कॉलबॅकच्या पानाला सेशनची गरजच उरू नये. गेटवे परत धाडताना आपला ऑर्डर क्रमांक, त्याचा स्वतःचा पेमेंट क्रमांक आणि या माहितीवर गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही, असे तिन्ही पाठवतो. कॉलबॅकच्या पानाने ती सही आपल्या बाजूने पुन्हा काढून ताडून पाहावी, ऑर्डर डेटाबेसमधून क्रमांकावरून शोधावी, रक्कम जुळते का पाहावे, नोंद करावी आणि ग्राहकाला ‘३०३’ या उत्तराने (सर्व्हर ब्राउझरला देतो त्या ठरावीक उत्तर-क्रमांकांपैकी एक) आपल्याच ‘धन्यवाद’ पानाकडे वळवावे. ३०३ मुळे पुढची विनंती ‘गेट’ने जाते आणि ‘लॅक्स’ कुकी तिच्यासोबत पुन्हा येते, म्हणजे ‘धन्यवाद’ पानावर ग्राहक आपल्या नावानिशी ओळखला जातो.

यात एक खाच आहे, जी आमच्या बाबतीत मूळ दोषाइतकीच महागात पडली. कुकीविना आलेल्या विनंतीवर कॉलबॅकच्या पानाने सवयीने सेशन सुरू केले, तर पीएचपी नवे, रिकामे सेशन काढते आणि त्याची कुकी जुन्या कुकीवर लिहून मोकळे होते. आजोबांना टोपली रिकामी दिसली ती यामुळे. केवळ ऑर्डर नोंदवण्याचे राहून गेले असते तर निदान टोपली तरी शिल्लक दिसली असती. म्हणून कॉलबॅकच्या फाइलमध्ये सेशन सुरू होतच नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासावे. अनेकदा ते वरच्या सामायिक फाइलमध्ये लपलेले असते.

सही न पाहता केवळ ‘यशस्वी’ असा शब्द आला म्हणून ऑर्डर भरलेली मानणारी दुकानेही मी पाहिली आहेत. तो शब्द ग्राहकाच्या ब्राउझरमधून येतो आणि ब्राउझरमधून येणारी कोणतीही गोष्ट ग्राहकाला बदलता येते.

रक्कम ताडतानाही एकदा तोंडघशी पडलो. बहुतेक गेटवे रक्कम पैशांत सांगतात, म्हणजे १,४९९ रुपयांसाठी १४९९०० असा आकडा येतो. आपल्याकडील रुपयांना १०० ने गुणून पूर्णांक केला की काम झाले, असे वाटते; पण संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, त्यामुळे १९.९९ ला १०० ने गुणले असता त्याच्याकडे १९९८.९९९९… असे काहीतरी उरते आणि पूर्णांक करताना ते १९९८ होते. एका पैशाच्या फरकाने ऑर्डर नाकारली जाते. सवलतीच्या कूपनमुळे रक्कम विचित्र झाली तरच हे घडते, म्हणून ते ध्यानात यायला वेळ लागतो. रक्कम सुरुवातीपासून पैशांतच, पूर्णांकात साठवावी.

परतीच्या पत्त्याच्या दोन चुका

कुकीचे वय दोन मिनिटांहून कमी असूनही ऑर्डर हरवत असेल, तर गेटवेकडे नोंदवलेला परतीचा पत्ता अक्षर न् अक्षर पाहावा. ग्राहक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या पत्त्यावर खरेदी करत असेल आणि परतीचा पत्ता त्याविना असेल, तर ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी घरे असतात आणि एका घरासाठी दिलेली कुकी दुसऱ्या घरात जात नाही. दुसरी चूक अधिक छुपी असते. परतीचा पत्ता जुना, ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा राहिलेला असतो आणि सर्व्हर त्याला ३०१ उत्तराने ‘एचटीटीपीएस’कडे वळवतो, अशा वळणावर ब्राउझर ‘पोस्ट’चा ‘गेट’ करतात आणि सोबत आलेली सगळी माहिती वाटेत सांडते. कॉलबॅकचे पान उघडते, पण हाती काहीच नसते. ३०८ चे वळण पद्धत बदलत नाही, पण त्यापेक्षा पत्ताच अचूक नोंदवणे बरे.

जो ग्राहक परत येतच नाही

एवढ्या दुरुस्त्यांनंतर तक्रारी रोज तीन-चारवरून आठवड्याला दोन-तीनवर आल्या. उरलेल्या तक्रारींमध्ये ग्राहकाचा ब्राउझर दुकानात परतलाच नव्हता. यूपीआयने पैसे भरताना ब्राउझर मागे जातो आणि पेमेंटचे ॲप पुढे येते. फोनची मेमरी कमी असेल तर मागचे पान तेवढ्यात बंद केले जाते. इन्स्टाग्रामवरील जाहिरातीतून आलेला ग्राहक त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरमध्ये असतो, ज्याच्या कुकी क्रोमपासून वेगळ्या असतात. पैसे भरून झाल्यावर तो क्रोममध्ये येऊन पाहू लागला, तर तेथे त्याला कोणी ओळखत नाही. आणि कितीतरी लोक बँकेचा संदेश वाजला की समाधानाने फोन खिशात ठेवतात. त्यांचे काय चुकले? पैसे तर गेले.

म्हणून ऑर्डरची पुष्टी ग्राहकाच्या परतण्यावर टांगून ठेवता येत नाही. गेटवेच्या सर्व्हरने आपल्या सर्व्हरला थेट कळवण्याची सोय म्हणजे वेबहुक. ती बहुतेक सर्व गेटवेंकडे असते आणि बहुतेक लहान दुकानांत बंद असते, किंवा चालू असूनही मुकी असते. आमच्याकडे ती दुसऱ्या प्रकारची होती. डॅशबोर्डवर पत्ता भरलेला होता, पण पाठवलेला प्रत्येक संदेश अपयशी दिसत होता आणि तेथे पाहायला कोणी गेले नव्हते.

त्याचे कारण शोधताना टीएलएसच्या, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या, प्रमाणपत्रांची साखळी तपासावी लागली. आपल्या साइटचे प्रमाणपत्र एका मधल्या प्रमाणपत्राने आणि ते मूळ प्रमाणपत्राने प्रमाणित केलेले असते. सर्व्हरने आपल्यासोबत मधले प्रमाणपत्रही पाठवायचे असते. ते पाठवायचे राहिले तरी ब्राउझरमध्ये कुलूप बहुधा व्यवस्थित दिसते, कारण क्रोमसारखा ब्राउझर ते स्वतः शोधून आणतो. गेटवेचा सर्व्हर असे लाड करत नाही. साखळी अपुरी दिसली की तो जोडणीच नाकारतो. दुसऱ्या एखाद्या सर्व्हरवरून ‘कर्ल’ या आज्ञेने आपल्या पत्त्यावर साधी विनंती पाठवून पाहिल्यास हा दोष एका मिनिटात उघडा पडतो. प्रमाणपत्राचे नूतनीकरण हाताने करताना ही चूक हमखास होते. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेची अल्पमुदतीची प्रमाणपत्रे घेणाऱ्यांनी नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था करावी.

साखळी ठीक असेल तर मग सुरक्षा-भिंतीकडे पाहावे. यंत्रांना अडवण्यासाठी लावलेले संरक्षण वेबहुकलाही यंत्रच समजते, आणि ते खरेच असते, त्यामुळे ४०३, म्हणजे ‘प्रवेश नाही’, असे उत्तर देऊन परत पाठवते. त्या एका पत्त्यापुरती सूट द्यावी आणि खात्री सहीवरून करावी. सही मात्र आलेल्या मजकुरावर, तो जसाच्या तसा असताना, तपासावी लागते. जेसन या स्वरूपात आलेल्या मजकुराचे आधी वाचन करून, पुन्हा लिहून त्यावर सही काढली तर एखाद्या मोकळ्या जागेच्या फरकानेही ती जुळत नाही, आणि मग आपली किल्ली चुकली असे वाटून माणूस दिवसभर किल्ल्या बदलत बसतो.

वेबहुकला उत्तर चटकन द्यावे. आमचे पान आधी ग्राहकाला ईमेल पाठवत असे, पावतीची पीडीएफ बनवत असे आणि मग ‘२००’, म्हणजे ‘मिळाले’, म्हणत असे. तोवर गेटवेचा धीर सुटलेला असे आणि तो तोच संदेश पुन्हा पाठवी. नोंद करून लगेच उत्तर द्यावे, बाकीची कामे मागाहून करावीत. तरीही एकच संदेश दोनदा येईल, आणि क्रमही उलटासुलटा असू शकेल, हे गृहीत धरूनच कोड लिहावे.

एकाच क्षणी आलेले दोन निरोप

वेबहुक सुरू झाल्याबरोबर नवा घोळ झाला : काही ऑर्डरींचे दोन-दोन ईमेल गेले आणि साठ्यातून एका पेटीऐवजी दोन कमी झाल्या. ग्राहकाचा कॉलबॅक आणि गेटवेचा वेबहुक एकाच सेकंदात आले होते, दोघांनीही ‘ऑर्डर भरली आहे का?’ असे विचारले, दोघांनाही ‘नाही’ असे उत्तर मिळाले आणि दोघांनीही पुढची कामे उरकली. यावर उपाय डेटाबेसच्याच हाती द्यावा. ‘स्थिती अजून बाकी असेल तरच ती भरलेली कर’ अशी एकच अटीची आज्ञा द्यावी आणि तिने प्रत्यक्षात किती नोंदी बदलल्या ते पाहावे. एक बदलली असेल त्यानेच ईमेल पाठवावा आणि साठा कमी करावा. शून्य मिळालेल्याने मुकाट्याने बाजूला व्हावे. गेटवेच्या पेमेंट क्रमांकावर एकमेवतेची अटही घालून ठेवावी, म्हणजे तोच क्रमांक दोनदा नोंदला जाणार नाही.

रद्द झालेल्या ऑर्डरचे पैसे

पेट्या मोजक्या असल्यामुळे आम्ही १५ मिनिटांत पैसे न आलेल्या ऑर्डरी आपोआप रद्द करून पेटी मोकळी करत होतो. वूकॉमर्सवर (वर्डप्रेसवरील तयार दुकान-प्रणालीवर) दुकान असेल तर ही मुदत मुळात ६० मिनिटांची असते आणि साठ्याच्या सेटिंगमध्ये ती बदलता येते. अडचण अशी, की यूपीआयचा अनिर्णित व्यवहार कधी कधी त्यानंतर यशस्वी होतो आणि पैसे रद्द ऑर्डरवर येऊन पडतात. अशा वेळी डोळे मिटून ऑर्डर जिवंत करू नये. पेटी शिल्लक असेल तर ऑर्डर पुन्हा उभी करावी, नसेल तर त्याच क्षणी परतावा सुरू करून ग्राहकाला तसे कळवावे. बागायतदारांचे म्हणणे होते की पेटी देऊनच टाकू, पुढच्या तोडणीतून भरून काढू. मोहरच कमी आलेल्या वर्षी हा उदारपणा अंगाशी आला, तेव्हा परताव्याचा नियम सर्वांनी मान्य केला.

वेबहुकही हरवू शकतो, विशेषतः सर्व्हरच बंद असेल तेव्हा. म्हणून दर दहा मिनिटांनी एक काम चालते, जे गेल्या दोन दिवसांतल्या अडकलेल्या आणि रद्द झालेल्या ऑर्डरींची स्थिती गेटवेला स्वतःहून विचारते. वर्डप्रेसवर असे काम ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी : त्याचे अंगभूत वेळापत्रक कोणीतरी साइट उघडल्यावरच पुढे सरकते, त्यामुळे रात्री तीन वाजता काहीच घडत नाही. सर्व्हरच्या स्वतःच्या वेळापत्रकावरून, म्हणजे क्रॉनवरून, ते चालवावे. दिवसाअखेर गेटवेच्या यशस्वी व्यवहारांची यादी आणि आपल्या भरलेल्या ऑर्डरींची यादी एकमेकांसमोर ठेवून फरक काढणारी एक लहानशी नोंद मालकांच्या व्हॉट्सॲपवर जाते. बहुतेक रात्री त्यात शून्य असते.

प्रत्येक परतीच्या विनंतीसाठी आम्ही आता ऑर्डर क्रमांक, पेमेंट क्रमांक, गेटवेकडे गेल्याची आणि परतल्याची सेकंदापर्यंतची वेळ, ब्राउझरची ओळख, सेशनची कुकी आली की नाही एवढेच हो-नाहीत, आणि सही जुळली की नाही, एवढे नोंदवून ठेवतो. कुकीचे मूल्य, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी यांतले काहीही नोंदीत येता कामा नये. गेटवेच्या मदत-कक्षाला लिहितानाही हीच ओळ पुरते. “ग्राहकाचे पैसे कापले, पाहा” असे लिहिलेल्या पत्राला तीन दिवसांनी उत्तर येते, तर पेमेंट क्रमांक आणि सेकंदासह वेळ दिलेल्या पत्राला आम्हाला बहुतेकदा त्याच दिवशी आले आहे.